भाड्याच्या वाहनाने घाटप्रवास : मोहगाव ते पाताळकोट

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर वसलेल्या मोहगाव, सौंसर व पांढुर्णा या पट्ट्यातील मराठी भाषकांना डोंगर नवा नाही. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडच्या महादेवाला जाणारे भाविक आणि नागपंचमीच्या सुमारास पचमढीच्या नागद्वारीला जाणाऱ्या विदर्भातील मंडळी पिढ्यान् पिढ्या याच वाटांनी डोंगर चढत आलेल्या आहेत. पूर्वी ही वाट पायी, बैलगाडीने, एस. टी.ने किंवा नागपूर–छिंदवाडा या अरुंद मापाच्या रेल्वेने कापली जाई. ती छोटी गाडी मार्गाच्या रुंदीकरणासाठी २०१५ च्या अखेरीस बंद झाली. रस्ते सुधारले, गावोगावी प्रवासी वाहने आली आणि कुटुंबाने, शाळेने अथवा महिला मंडळाने चालकासह एखादी गाडी भाड्याने ठरवून दोन दिवसांची सहल करावी, ही आता नित्याची गोष्ट झाली आहे. अशा सहलीचा आनंद कोणता, याविषयी पुष्कळ लिहिले जाते. ती सहल सुरक्षित व्हावी म्हणून भाडे ठरविण्यापूर्वी काय पाहावे, याविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू हा दुसरा आहे. उदाहरणासाठी मोहगाव ते पाताळकोट हा मार्ग घेतला आहे, कारण तो वाचकांच्या परिचयाचा आहे आणि घाटप्रवासात येणाऱ्या बहुतेक गोष्टी त्यात येतात.

प्रथम मार्गाची थोडी ओळख करून घेऊ. मोहगाव हवेली हे सौंसर तालुक्यातील गाव असून सर्पा नदीच्या काठचे अर्धनारीश्वराचे देऊळ हे त्याचे भूषण आहे. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा व सौंसर हे दोन तालुके छिंदवाड्यातून वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा निर्माण करण्यात आला. त्याआधी हा भाग छिंदवाडा जिल्ह्यात होता, आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी त्याची राजधानी नागपूर होती. येथील घरांत मराठी बोलली जाते, पण कचेरीचे कागद हिंदीत असतात. वाहनाच्या कागदपत्रांविषयी पुढे जे सांगायचे आहे, त्या दृष्टीने हा तपशील निरर्थक नाही. कागदाची भाषा परकी वाटली की तो न वाचताच परत देण्याची सवय लागते.

सौंसरहून संत्र्यांच्या बागा मागे टाकीत, कन्हान ओलांडून रामाकोन्याकडे निघाल्यावर काही वेळाने सिल्लेवानीचा घाट सुरू होतो. सौंसरचा सखल प्रदेश आणि छिंदवाड्याचे पठार यांना जोडणारी ही पायरी आहे. खाली ज्या प्राचीन खडकांत मँगनीज सापडते, त्यांना भूगर्भशास्त्रात ‘सौंसर समूह’ असेच नाव आहे. शाळेच्या सहलीत शिक्षकांनी हे मुलांना आवर्जून सांगावे. साग, मोह, पळस, तेंदू यांच्या दाटीतून वळणे घेत रस्ता वर जातो. पावसाळ्यात ढग खाली उतरतात आणि समोरच्या गाडीचा मागचा दिवा तेवढा दिसतो. घाट संपला की उमरानाला आणि पुढे छिंदवाडा. तेथून परासियाच्या कोळसा खाणींच्या भागातून तामिया, आणि तामियाहून छिंदी गावावरून पाताळकोटच्या कड्यापर्यंत रस्ता जातो. सौंसर ते छिंदवाडा साठ किलोमीटरच्या आतबाहेर आणि छिंदवाडा ते पाताळकोट सुमारे ७८ किलोमीटर. म्हणजे मोहगावाहून जाणे-येणे मिळून तीनशे किलोमीटरच्या जवळपास होते, आणि त्यात चढउताराचा भाग मोठा आहे.

सपाट रस्त्यावर तीनशे किलोमीटर म्हणजे फारसे काही नाही. घाटात, तेही मुलाबाळांसह थांबत थांबत जाताना, सरासरी वेग ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरहून अधिक धरणे चुकीचे ठरते. निव्वळ गाडी चालविण्याचेच आठ तास होतात. चहा, जेवण, दर्शन व कड्यावरून दरी पाहणे यांचा वेळ त्यात धरलेला नाही. तरीही “पहाटे निघू, रात्री घरी परत येऊ” असा बेत सर्रास केला जातो. एका दिवसाचे भाडे वाचते, हे त्याचे कारण. या बचतीचा भार कोणावर पडतो, ते आता पाहावयाचे आहे.

चालकाची झोप

भाड्याच्या गाडीने घाटात जाण्याचा सर्वांत मोठा लाभ असा की, प्रवाशांना रस्त्याकडे पाहावे लागत नाही. हवाई बेटांपैकी माउई या बेटावर हाना गावाकडे जाणारा समुद्रकाठचा रस्ता जगप्रसिद्ध आहे. त्यावर ६०० हून अधिक वळणे आणि ५९ पूल असून त्यांतील बहुतेक पूल एका वेळी एकच गाडी जाईल इतके अरुंद आहेत. तेथे येणारे अनेक पाहुणे स्वतः गाडी न हाकता चालकासह छोटी गाडी ठरवितात. धबधबा आपण पाहावा आणि वळण जाणत्या माणसाने सांभाळावे, हा त्यामागील साधा हिशेब. आपल्याकडेही हिशेब तोच आहे. परंतु वळण सांभाळणारा माणूस जागा असला पाहिजे, ही त्यातील मुख्य अट आपण गृहीत धरतो आणि तिची चौकशी करीत नाही.

लग्नसराईत किंवा यात्रेच्या दिवसांत चांगल्या चालकाला सलग रात्री काढाव्या लागतात. एक भाडे सोडले की दुसरे उभे असते. मालकाने होकार दिलेला असतो आणि नाही म्हटल्यास पुढचे काम दुसऱ्याकडे जाईल, अशी चालकाला धास्ती असते. पहाटे चार वाजता मोहगावात गाडी उभी करावयाची, तर नागपूरहून किंवा सावनेरहून येणारा चालक मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात उठलेला असतो. त्याच रात्री अकराला परतावयाचे ठरले, तर तो वीस तासांहून अधिक जागा राहतो, आणि सिल्लेवानीचा घाट उतरण्याचे सर्वांत जोखमीचे काम त्याच्या वाट्याला नेमके शेवटच्या तासांत येते. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात अकरा मीटर पुढे सरकते. तीन सेकंदांच्या डुलकीत ती तेहतीस मीटर जाते. घाटातील कित्येक वळणांपूर्वी एवढा सरळ रस्ता नसतो.

दिवसाला आठ तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही वाहनचालकाच्या कामाची मर्यादा १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने घातली. सलग पाच तासांहून अधिक काम नको, मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती हवी, आणि विश्रांती धरून कामाचा पसारा साधारणतः बारा तासांपलीकडे जाऊ नये, असेही त्या कायद्याने सांगितले. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ९१ मध्ये कामाच्या तासांसाठी त्याच कायद्याचा आधार घेण्यात आला. पण १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांसाठी केलेला होता. आपल्या भागातील बहुतेक गाड्या एकट्या मालकाच्या असतात आणि पुष्कळदा मालक हाच चालकही असतो. त्याचे तास मोजणारा कोणी नाही. अशा वेळी गाडी ठरविणाऱ्याने ते मोजले नाहीत, तर ते मोजलेच जात नाहीत.

म्हणून भाडे ठरविताना दराच्या आधी विचारावयाचा प्रश्न असा की, आदल्या रात्री ही गाडी आणि हा चालक कोठे असेल. एका शाळेच्या सहलीपूर्वी शिक्षक व चालक यांच्यातील पुढील बोलणे मी ऐकलेले आहे. शिक्षकांनी विचारले, “भाऊ, काल रात्री गाडी कुठं होती?” चालक म्हणाला, “लग्नाचं भाडं होतं गुरुजी. तीन वाजता सोडून आलो. पण काही काळजी करू नका, सवय आहे.” शिक्षकांनी मुलांना वर्गात बसविले, चालकाला शाळेच्या खोलीत सतरंजी दिली आणि सहल चार तास उशिरा काढली. पालकांची थोडी कुरकुर झाली. माझ्या मते त्या दिवशी शाळेत झालेले सर्वांत जबाबदारीचे काम ते होते.

रात्रीचा मुक्काम केल्यास प्रश्न पुष्कळ सोपा होतो. तामियाला मुक्कामाची सोय आहे आणि महादेवाच्या डोंगररांगेमागे मावळणारा सूर्य पाहावयाचा, तर मुक्कामावाचून गत्यंतरही नाही. मात्र मुक्कामात चालकाची सोय कोठे, हे आधी ठरवावे. प्रवासी खोलीत आणि चालक पुढच्या सीटवर पाय दुमडून, ही प्रथा आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिच्यात कोणाला वावगे वाटत नाही. थंडीत, डासांत, गाडीत आखडून पडलेल्या माणसाला झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याच हाती आपले कुटुंब सोपवावयाचे असते. चालकासाठी एक खाट आणि वेळेवर जेवण हा खर्च सहलीच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीवर लिहावा.

पाटीचा रंग

आता कागदपत्रांकडे वळू. वाहन प्रवासी भाड्यासाठी नोंदलेले आहे की खासगी वापरासाठी, हे त्याच्या क्रमांकाच्या पाटीवरूनच कळते. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे भाड्याचे वाहन. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खासगी वाहन. विजेवर चालणाऱ्या गाड्यांची पाटी हिरवी असते आणि तिच्यावरील अक्षरे भाड्याच्या गाडीस पिवळी व खासगी गाडीस पांढरी असतात. सहा प्रवाशांपर्यंतचे वाहन कायद्याच्या परिभाषेत मोटार कॅब आणि सहाहून अधिक पण बारापर्यंतचे मॅक्सी कॅब होय. दोन्ही संख्यांत चालक धरलेला नाही.

ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते, हे खरे आहे. तिला भाड्याच्या वाहनाचा कर, परवाना आणि तपासणी यांचा खर्च पडत नाही. परंतु परवान्याशिवाय प्रवासी भाडे करणे हा मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ६६ चा भंग आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी कलम १९२-अ खाली दहा हजार रुपये दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. दंड मालकास होतो, म्हणून प्रवासी निश्चिंत असतात. खरा धोका विम्यात आहे. परवाना नसताना वाहन भाड्याने वापरणे हे विमा कंपनीला आपली जबाबदारी नाकारण्यासाठी कायद्याने मान्य केलेले एक कारण आहे. अपघात झाल्यास दावा न्यायाधिकरणापुढे चालतो, कंपनी हरकत घेते, आणि घरातला कर्ता माणूस गमावलेल्या कुटुंबाला “आम्ही भाडे दिले नव्हते, ओळखीने गेलो होतो” असे शपथेवर सांगण्याचा मोह होतो. वाचविलेले हजार-दोन हजार रुपये तेव्हा फार महाग पडतात.

यात्रेच्या दिवसांत पिकअप, टेम्पो किंवा छोटा हत्ती अशा मालवाहू गाड्यांतून मंडळी जातात, त्यांची स्थिती याहून वाईट आहे. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाच्या नुकसानभरपाईस विमा कंपनी जबाबदार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिलेला आहे. भजन म्हणत, हौद्यात उभे राहून नागद्वारीला निघालेल्या तीस जणांपैकी कितींना हे ठाऊक असते? ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावर यात्रेपूर्वी ही एवढी बाब मोठ्या अक्षरांत लिहिली, तरी पुष्कळ होईल.

पाटी पिवळी आहे असे पाहून थांबू नये. नोंदणी प्रमाणपत्रात आसनसंख्या लिहिलेली असते, ती पाहावी. भाड्याच्या वाहनास योग्यता प्रमाणपत्र लागते. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी नवे करावे लागते. त्याची व विम्याची मुदत सहलीच्या परतीच्या दिवसापलीकडे असावी. निघण्याच्या दिवशी वैध असलेला विमा परतीच्या आधल्या मध्यरात्री संपला, अशीही उदाहरणे घडतात. शासनाच्या एम-परिवहन या ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला असता यांतील बहुतेक माहिती दोन मिनिटांत दिसते. गावातील शिक्षकांनी किंवा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांनी ही मदत वडीलधाऱ्यांना करावी.

सीमेवरच्या गावांना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. गाडी एमपी २८ पासिंगची असेल आणि सहल पाताळकोट किंवा पचमढीपर्यंतच असेल, तर राज्याचा परवाना पुरतो. परंतु नागपूर, काटोल किंवा वरूडहून एमएच पासिंगची गाडी मागविली, किंवा इकडची गाडी घेऊन रामटेक वा शेगाव करावयाचे ठरले, तर राज्याची सीमा ओलांडली जाते. अशा गाडीकडे अखिल भारतीय पर्यटक परवाना असला पाहिजे. १ एप्रिल २०२१ पासून हा परवाना संगणकीय पद्धतीने, एकाच शुल्कात सर्व राज्यांसाठी देण्यात येऊ लागला, व २०२३ साली त्याचे नवे नियम आले. प्रवाशांची यादी गाडीत ठेवणे हे त्या नियमांत बंधनकारक आहे. यादी करताना कंटाळा येतो, पण दुर्दैवाने प्रसंग आलाच तर कोण गाडीत होते हे तीच सांगते.

चालकाच्या परवान्याविषयी मात्र एक जुना समज आता सोडावयास हरकत नाही. भाड्याच्या हलक्या गाडीसाठी वेगळा बिल्ला अथवा वेगळी नोंद हवीच, असे पुष्कळ लोक म्हणतात. एकूण भारित वजन साडेसात हजार किलोपेक्षा कमी असलेले प्रवासी वाहन हलक्या मोटारगाडीच्या परवान्यावर चालविता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलेले आहे. म्हणून परवाना खरा व मुदतीतला आहे एवढे पाहावे आणि उरलेले लक्ष त्या माणसाने सिल्लेवानी किंवा तामियाचा घाट पूर्वी किती वेळा केला आहे, याच्या चौकशीकडे द्यावे. कागदावर हा अनुभव कोठेच लिहिलेला नसतो.

ठरविणे व लिहिणे

शेतकरी सात-बाऱ्याचा उतारा, बँकेची पावती व बियाण्याची पिशवीसुद्धा जपून ठेवतो, पण पंधरा माणसांचा जीव ज्या गाडीत बसवावयाचा ती फोनवर “हो, येऊन जाईल” एवढ्यावर ठरवितो. एका साध्या कागदावर गाडीचा क्रमांक, मालक व चालक यांची नावे, निघण्याचा व परतण्याचा दिवस, मार्ग आणि भाडे लिहून दोघांनी सह्या कराव्या. भाडे किलोमीटरमागे असेल तर दिवसाला किमान किती किलोमीटरचे पैसे धरणार आणि मोजणी मोहगावापासून की मालकाच्या दारापासून, हे लिहावे. परतीच्या दिवशी होणाऱ्या भांडणांपैकी निम्मी या एका मुद्द्यावर होतात. टोल, पार्किंग, परवान्याचे शुल्क, चालकाचा रात्रीचा भत्ता कोणी द्यावयाचा? गाडी वाटेत बंद पडली तर दुसरी कोण देणार? ठरलेल्या गाडीऐवजी दुसरीच दारात उभी राहिली तर इसार परत मिळणार काय? हे सर्व अर्ध्या पानात मावते. त्याच कागदावर आणखी एक वाक्य असावे, असे मी सुचवीन : रात्री दहानंतर व पहाटे पाचपूर्वी घाटात गाडी चालविली जाणार नाही. मालकालाही हे वाक्य सोयीचे असते, कारण “थोडं पुढं जाऊ, अजून एक देऊळ करू” असा आग्रह प्रवाशांकडूनच होत असतो आणि एकटा चालक तो मोडू शकत नाही.

आसनसंख्येबाबतही आग्रह प्रवाशांकडूनच होतो. बारा आसनांच्या गाडीत अठरा बसविले तर प्रत्येक जादा प्रवाशामागे दोनशे रुपये दंड केंद्रीय कायद्यात आहे. भाड्याच्या वाटणीत तो सहज बसतो, म्हणून त्याची भीती कोणाला वाटत नाही. पण सहा माणसे म्हणजे सुमारे साडेतीनशे किलो जादा वजन, आणि टपावर गाद्या, भांडी, शिधा ठेवला की गाडीचा भार वर सरकतो. वळणावर अशी गाडी बाहेरच्या बाजूला झुकते. उतारावर थांबण्यास तिला अधिक अंतर लागते. जड सामान आत, खाली, आसनांच्या पायाशी ठेवावे व टप शक्यतो रिकामा सोडावा.

उतारावर चालकाने खालच्या गियरमध्ये गाडी ठेवून इंजिनाच्या ओढीने वेग आवरावा, हा घाटातील मूळ नियम आहे. सतत ब्रेक दाबून उतरल्यास ब्रेक तापतात व त्यांची पकड कमी होत जाते. डिझेल वाचविण्यासाठी गियर काढून गाडी सोडणारा चालक दिसला, तर पहिल्याच थांब्यावर त्याच्याशी शांतपणे बोलावे. जळक्या वासाकडे दुर्लक्ष करू नये. गाडी सुरक्षित जागी उभी करून ब्रेक निवू द्यावे. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावयाची असते, हे चालक जाणतोच. त्याने थांबून वाट दिली म्हणून मागून “चल ना दादा, काय थांबला” असे ओरडणे तेवढे प्रवाशांनी टाळावे. गाणी लावण्यास कोणाची ना नाही, परंतु घाटात समोरून येणाऱ्या गाडीचा हॉर्न चालकाला ऐकू आला पाहिजे.

पाताळकोटच्या कड्यावर

इतके करून पोहोचल्यावर जे दिसते ते खरोखर अपूर्व आहे. सपाट माळावरून चालता चालता जमीन एकाएकी संपते आणि बाराशे ते पंधराशे फूट खाली, सुमारे ७९ चौरस किलोमीटरची हिरवी दरी उघडते. तिच्यातून दुधी नदी वाहते. बारा गावे या दरीत आहेत आणि तेथे भारिया व गोंड लोक राहतात. भारिया हा विशेष असुरक्षित म्हणून गणला गेलेला आदिवासी समाज आहे. रातेडच्या बाजूच्या कड्यावरून दिसणारी घरे काड्यापेटीएवढी वाटतात. चारी बाजूंनी पाण्याऐवजी कड्यांनी वेढलेले हे बेटच म्हणावयाचे. पूर्वी वेली व मुळांना धरून, पायऱ्या उतरून जावे लागे. आता काही गावांपर्यंत रस्ता झाला आहे. दवाखाना आणि शाळा जवळ आल्या, ही मोठी गोष्ट होय. त्याच रस्त्याने आपणही जातो.

येथे अंदमानचे उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. सेल्युलर जेल पाहण्यासाठी मराठी मंडळी मोठ्या संख्येने अंदमानला जातात, आणि त्यांतील बरीच पुढे भाड्याच्या गाडीने बाराटांगकडे जातात. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तेथे जिरकाटांगपासून गाड्या पोलिसांच्या देखरेखीखाली ताफ्यानेच सोडल्या जातात. वाटेत थांबणे, छायाचित्र काढणे, खाऊ देणे यांस मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली त्या रस्त्याचा राखीव भाग बंद करण्याचा आदेश दिला होता, तरी वाहतूक चालूच राहिली. आणि २०१२ साली पर्यटकांपुढे जारवा स्त्रियांना नाचावयास लावल्याची चित्रफीत जगभर दाखविली गेली तेव्हा देशाला मान खाली घालावी लागली. पाताळकोटची परिस्थिती निराळी आहे. येथील लोक बाजाराला छिंदीला येतात, त्यांची मुले शाळेत जातात, पाहुण्यांशी ते हिंदीत बोलतात. ताफ्याची किंवा पोलिसांची येथे गरज नाही. परंतु खिडकीतून चॉकलेटे फेकून मुलांना गाडीमागे धावावयास लावणे, अंगणात शिरून न विचारता फोटो काढणे, हे प्रकार येथेही होतात, आणि ते करणारे पुष्कळदा आपल्यासारखेच सुशिक्षित लोक असतात. गाडीच्या चाकापाशी मुले येतात, हा त्यातील अपघाताचा धोका वेगळाच.

२०१९ साली पाताळकोट हे जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाले. दरीतील औषधी वनस्पतींचे ज्ञान हे भारियांचे पिढीजात धन आहे. “ही मुळी साखरेवर, ती गुडघ्यावर” असे ऐकून पिशव्या भरभरून मुळ्या विकत घेण्याची पाहुण्यांना हौस असते. मूळ उपटले की झाड जाते. त्यापेक्षा कोदो-कुटकी, महुआ (आपला मोह), आवळा, मध अशा वस्तू घ्याव्या, तेथल्याच कोणा तरुणाला वाटाड्या म्हणून सोबत घ्यावे आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. चालक त्या भागातला असला तर असा वाटाड्या तोच मिळवून देतो. मोहगाव-सौंसरकडचा चालक ठरविताना ही ओळखपाळख विचारून घेतल्यास पैशांहून अधिक उपयोगी पडते.

वेळ हाताशी असल्यास परतताना मोहखेडजवळच्या देवगडचा गोंडकालीन किल्ला पाहता येतो. नागपूर शहर वसविणारा बख्त बुलंद शहा हा देवगडचाच राजा. किल्ल्याच्या वाटेने किलोमीटर वाढतात, तेव्हा हा फाटा मूळच्या करारात लिहिलेला नसल्यास छिंदवाड्यातच चालकाशी बोलून जादा आकार ठरवावा आणि अंधारापूर्वी सिल्लेवानी उतरून होईल की नाही हे त्यालाच विचारावे. तो नाही म्हणाला तर देवगड पुढच्या वेळेस.

मोहगावात परत आल्यावर गाडीच्या मीटरचा आकडा चालकासमोर कागदावर उतरवून घ्यावा, हिशेब त्याच वेळी पुरा करावा, आणि चालकाला तसाच रात्रीचा पुढे सावनेर-नागपूरला पिटाळण्यापूर्वी त्याच्या जेवणाची व अंथरुणाची विचारपूस करावी. उतरलेल्या प्रवाशांचा घाट संपलेला असतो. त्याला मात्र रिकामी गाडी घेऊन अजून जावयाचे असते.